घुमाण : एका गावाची भूमी आणि नामदेवपरंपरेचा प्रश्न

पंजाबातील बियास आणि रावी या नद्यांमधील भूभागास बारी दोआब म्हणतात. दोन्ही नद्यांच्या नावांची आद्याक्षरे मिळून हे नाव बनले आहे. या दोआबात, गुरुदासपूर जिल्ह्यातील बटाल्याच्या आग्नेयेस, घुमाण हे गाव वसले आहे. बियासकाठचे श्रीहरगोविंदपूर येथून जवळच आहे. भूमी गाळाची, सपाट; गहू, भात आणि ऊस ही येथील पिके. दगडाचा अभाव असल्याने जुने बांधकाम विटांचेच. भीमेकाठच्या काळ्या मातीशी आणि तिथल्या पाषाणमंदिरांशी या भूमीचे कोणतेही साम्य नाही. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाला या गावाची दखल घ्यावी लागते, ती संत नामदेवांमुळे.

स्थानिक परंपरेनुसार नामदेव प्रथम जवळच्या भट्टीवाल येथे राहिले, नंतर एका निर्जन रानात स्थिरावले आणि त्यांच्याभोवती जी वस्ती झाली तेच घुमाण. म्हणजे येथे संत गावात आला नाही. संतामुळे गाव झाले. बोहरदास या शिष्याचे वंशज मानले जाणारे ‘बावा’ येथील स्थानाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित आहेत. अठराव्या शतकातील शीख सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी समाधीची इमारत उभारली आणि रणजितसिंगांच्या सासू सदाकौर यांनी तलावाची दुरुस्ती करविली, असे सांगितले जाते. पंजाबातील छिंबा समाज नामदेवांना आपला मानतो, ही गोष्टही येथे महत्त्वाची. शिंपी आणि छिंबा यांचा व्यवसाय एकच नव्हे, पण दोन्ही कापडाशी बांधलेले. परंपरेचा स्वीकार बहुधा अशाच वाटांनी होत असतो. १९४७ च्या फाळणीत गुरुदासपूर जिल्ह्याचा शकरगढ तालुका पाकिस्तानात गेला. बटाला, आणि अर्थातच घुमाण, भारतात राहिले.

प्रश्न आहे तो पुराव्याचा. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. परंपरेने नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानला, तर हे अंतर अडीचशे वर्षांचे भरते. ‘तीर्थावळी’तील उत्तरेची यात्रा पंढरपुरास परत येऊन संपते, त्यामुळे घुमाणच्या वास्तव्याला तिचा आधार देता येत नाही. पदांतील ‘बीठल’ हे नाम आणि क्वचित आढळणारी मराठी प्रत्ययरूपे पंढरपूरकडे बोट दाखवितात खरी. परंतु मौखिक परंपरेत रूपे जशी टिकतात तशी घडविलीही जातात. उलटपक्षी, केवळ भाषाभेदावरून दोन नामदेव कल्पिणे हेही घाईचे होय. गात्या संताची भाषा श्रोत्यांबरोबर बदलते, आणि मराठी गाथाही उत्तरकालीन हस्तलिखितांतूनच आपल्यापर्यंत आली आहे. तिला मूळ आणि पंजाबी पाठाला छाया मानण्याचा अधिकार कुणी दिला?

एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमाण येथे भरले आणि हे गाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. त्या उत्साहात एक तपशील मागे पडला. पंढरपूर नामदेवांची पुण्यतिथी आषाढ वद्य त्रयोदशीस, चांद्र गणनेने पाळते. तेथे महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. घुमाणची जत्रा भरते ती सौर माघाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, कडाक्याच्या थंडीत. समाधी दोन, कालगणनाही दोन. आणि दोन्हीकडचे भाविक आपापल्या दिवशी नेमाने जमतात.