जुन्या ट्रकचा नट : आधी आटे पाहा, मग पाना लावा

गावोगाव एखादा तरी जुना ट्रक अजून कामात असतोच. कुठे तो फडातून ऊस ओढतो, कुठे त्याच्या पाठीवर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी बसवलेली असते. इंजिन कुरकुर करत नाही, पण एक नट खोलायला बसावे तर सकाळची दुपार होते. मग पान्याला पाईप, पाईपला दोन गडी, आणि कट्‌कन आवाज. स्टड तुटला! आपण म्हणतो, गंजला होता. पुष्कळदा गंजाचा दोष निम्माच असतो.

जुनी बेडफर्ड, लेलँड किंवा जीप घ्या. त्यांचे नट-बोल्ट इंचाचे, म्हणजे आपल्या दुकानदाराच्या भाषेत सुताचे. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले, ते मिलिमीटरचे. पुढे प्रत्येक दुरुस्तीत हाताला लागला तो बोल्ट बसत गेला आणि एकाच गाडीत दोन्ही मापे नांदू लागली.

चार सुती बोल्ट 12.7 मि.मी. जाडीचा. त्याच्या नटात 12 मि.मी.चा बोल्ट घातला तर तो जातो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे जेमतेम टेकलेले असतात. भरल्या गाडीने खड्डा घेतला की सुटतो. बरे, चार सुतीतही सगळे एक नाहीत. अमेरिकन बारीक आट्याचे इंचाला 20 आटे, जाड आट्याचे 13, तर जुन्या इंग्रजी जाड आट्याचे 12. म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा, नुसते माप सांगू नका. नवा नट बोटांनीच तीन-चार फेरे सरळ गेला पाहिजे. दुसऱ्या फेऱ्यालाच अडला तर थांबा, पाना लावू नका.

पान्याचेही तसेच. 19चा पाना सहा सुतीच्या डोक्याला चालून जातो, फरक नावापुरता. पण साडेचार सुतीचे डोके 14.29 मि.मी. भरते. त्याला 14चा पाना बसत नाही, म्हणून 15चा लावतात आणि कोपरे गोल करून ठेवतात. मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही.

खरोखर गंजलेला नट असेल तर आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करून डिझेल सोडा. सकाळी डोक्यावर हातोडीचे चार ठोके द्या. आधी किंचित आवळा, मग सोडवा. थोडे पुढे, थोडे मागे. एका दमात ओढणाऱ्याचाच बोल्ट तुटतो. तरी हलला नाही तर नट तापवतात. मात्र डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि पाट्यांचे यू-बोल्ट यांच्याजवळ गॅस नको. आणि चाकावर टायर असताना चाकाच्या नटाला गॅस कधीही लावू नका. हवा सोडली म्हणून भागत नाही. आत तापलेला टायर बॉम्बसारखा फुटतो आणि माणूस जागीच जातो.

चाकाचा नट निघेना, तर आणखी एक शंका घ्या. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले दिसेल. अशा वेळी आपण पाईप लावून सोडवत नसतो, आवळत असतो!

तुटलेल्या स्टडच्या जागी रस्त्याकडेचा साधा बोल्ट ठोकून टाकी भरणारेही पाहिले आहेत. चाकाला त्याच गाडीचा स्टड हवा. इतर ठिकाणी निदान डोक्यावर 8.8 आकडा असलेला बोल्ट मागा. चाक बसवल्यावर पन्नास-साठ किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा.

आणि भाऊसाहेब, टँकरच्या लॉगबुकात डिझेलच्या नोंदीखाली एक ओळ वाढवा : कुठल्या चाकाला कुठल्या मापाचा नट, सुलटा की उलटा. ड्रायव्हर बदलतो, गाडी तीच राहते.