जेवणानंतरची धडधड आणि कापलेली नस

नागपुरात कुणाचं पोट दुखलं की आरोपीच्या पिंजऱ्यात आधी सावजी रस्सा उभा राहतो. अल्सरच्या बाबतीत तरी बिचारा निर्दोष आहे. अल्सर बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. हा जिवाणू पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांना सापडला १९८०च्या दशकात. त्याआधी खलनायक एकच, जास्तीचं आम्ल. मग जठराला आम्लाचा हुकूम पोहोचवणारी व्हेगस नसच कापायची! शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ पासून ही व्हेगोटॉमी रुजवली. त्या काळात सर्जरी शिकलेल्या डॉक्टरांना ‘व्हेगोटॉमी आणि जीजे’ ही जोडी आजही तोंडपाठ असते.

यातलं जीजे, म्हणजे गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी, कशाला? नस कापली की जठर सुस्तावतं, अन्न पुढे सरकत नाही. म्हणून जठर थेट लहान आतड्याला जोडून नवी वाट काढायची. गोम इथेच आहे. अन्न, त्यातही गोड, भसकन आतड्यात उतरतं आणि रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. हात धुऊन बसावं, तोच छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. काहींची साखर दोनेक तासांनी घसरते आणि हात थरथरू लागतात. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. घरचे म्हणतात, ‘उगाच घाबरतो.’ असा माणूस पंगतीला जायचं टाळू लागला, तर नवल नाही.

मग मनावरचा सगळा परिणाम जेवणाच्या या गडबडीतूनच येतो का? तसंही नाही. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू हुकूम खाली नेत नाहीत, पोटाची खबर वर मेंदूकडे नेतात. झुरिकच्या संशोधकांनी २०१४मध्ये उंदरांमधले हे वर जाणारे तंतू तोडले. उंदरांची उपजत भीती कमी झाली. शिकवलेली भीती मात्र लवकर पुसली जाईना. आणि गंमत पाहा: हीच नस मानेत विजेने चेतवण्याच्या उपचाराला, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, अमेरिकेत २००५मध्ये मान्यता मिळाली.

तरीही उंदरांवरून थेट माणसाचं निदान करू नये. ऑपरेशन झालेल्या माणसात नस कापल्याचा परिणाम, डंपिंग, घटलेलं वजन आणि मूळची काळजी यांचा असा काही गुंता होतो, की ‘नस कापली म्हणून मन खचलं’ असं ठामपणे म्हणता येत नाही. ‘सगळं मनातच आहे’ हे तर त्याहून चुकीचं.

गोळ्यांनी ही शस्त्रक्रिया जवळपास मोडीत काढली, पण ती झालेली माणसं आपल्या घरांत आहेत. आजोबांच्या पोटावर जुना उभा व्रण असेल आणि जेवणानंतर ते अस्वस्थ होत असतील, तर जुने कागद शोधा, डॉक्टरांना दाखवा. जठराचा भाग काढलेला असेल तर ब-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही मन आणि स्मृती मंदावते. थोडं थोडं, कमी गोड जेवण द्या. पाणी जेवणासोबत नको, नंतर द्या.