बैलांचा खुराक : ज्वारी की मका ?

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास ज्वारीची थोरवी सांगावयास नको. दाणा घरच्या भाकरीस व कडबा गोठ्यास, अशी या पिकाची दुहेरी सोय आपले वाडवडील जाणून होते. परंतु बाजारात मकाही मिळू लागल्यामुळे बैलास खुराकात कोणते धान्य घालावे, असा प्रश्न पुष्कळ बंधू आम्हांस विचारतात. त्याचा थोडा ऊहापोह येथे करीत आहो.

अमेरिकेत कॅन्सस व टेक्सास प्रांतांत मांसासाठी पोसलेल्या गुरांस ही दोन्ही धान्ये घालतात. त्यामुळे त्यांची तुलना तेथे बारकाईने झालेली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. आपला हिशोब वजनाचा नसून औताच्या ताकदीचा. तथापि जनावराचे पोट दोन्हीकडे सारखेच.

ज्वारीत प्रथिने शेकडा सुमारे १०, तर मक्यात ९. या बाबतीत ज्वारी किंचित सरसच. परंतु मक्यात स्निग्धांश अधिक असून त्याचा पिष्टांश लवकर पचतो. ज्वारीच्या पिष्टकणांभोवती प्रथिनांचे चिवट वेष्टण असते; म्हणून भरडलेली ज्वारीही मक्याच्या सुमारे नऊ दशांश गुण देते. अख्खी घातल्यास शेणात दाणे तसेच पडतात. तो खुराक बैलाचा नव्हे, उकिरड्याचा झाला !

यावरून हिशोब असा की, मका क्विंटलास २,००० रुपये असेल, तर ज्वारी १,८०० हून महाग घेऊ नये. रब्बीची मालदांडी माणसांच्या खाण्याची. ती गव्हाणीत ओतणे परवडणारे नव्हे. खरिपाची, पावसाने डागाळलेली ज्वारी स्वस्त मिळते, ती खडखडीत वाळलेली असल्यास चालेल. मात्र बुरशी चढलेले कुबट धान्य, ज्वारी असो वा मका, मुळीच घालू नये. त्यात विष असण्याचा संभव असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. महसूल खात्यात कारकून असता आमचा एक बैल रात्री दावे तोडून खळ्यावरील राशीस लागला. सकाळी पोट फुगलेले, रवंथ बंद. 'पोटभर खाल्ले, जिरेल' असे समजून आम्ही कचेरीस गेलो. सायंकाळी परतलो तो बैल आडवा पडला होता. गुरांचे डॉक्टर आले. परंतु वेळ निघून गेली होती. एकदम पुष्कळ दाणा खाल्ल्यास पोटात आम्ल वाढून जनावर दगावते, हे त्यांनी सांगितले. जोडी मोडली, आणि मृगाची पेरणी उसन्या बैलावर करावी लागली.

म्हणून ज्वारीचा भरडा रव्याइतका बारीक असावा, पीठ करू नये. मका थोडा जाडसर चालतो. प्रारंभी मूठ-दोन मुठीच घालून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे. धान्य बदलतानाही हाच क्रम ठेवावा. कामाच्या दिवसांत पेंड धरून एकूण दीड ते दोन किलो खुराक दोन वेळांत विभागून द्यावा. कडबा आधी, खुराक मागून. मीठ व खनिज मिश्रण विसरू नये. जनावराने चोरून दाणा खाल्ल्याचे दिसताच, लक्षणांची वाट न पाहता, डॉक्टरास बोलवावे.

ज्वारी की मका, हे बाजारभाव पाहून ठरवावे. परंतु खळ्यावर रास असेल त्या रात्री दावी तपासल्याखेरीज कोणी निजू नये, एवढीच आमची विनंती.