समाकलनाची पूर्वतयारी

कलनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात सीमा आणि अवकलन यांचा परिचय होतो. दुसऱ्यात समाकलनाच्या रीती आणि अनंत श्रेढी यांचा अभ्यास असतो. पहिल्या अभ्यासक्रमात यश मिळविलेले विद्यार्थीही येथे अडखळतात आणि आपल्या ठायी गणिताची बुद्धी नाही, असे समजून हा विषय सोडून देतात. ही समजूत बहुधा चुकीची असते. पुष्कळदा अडचण नव्या विषयाची नसून शाळेत कच्च्या राहिलेल्या बीजगणिताची व त्रिकोणमितीची असते, आणि ती प्रयत्नाने दूर होऊ शकते.

अवकलन आणि समाकलन यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. अवकलनात गुणाकाराचा, भागाकाराचा, साखळीचा असे नियम ठरलेले आहेत. ते क्रमाने लावले की उत्तर मिळते. समाकलन ही उलट क्रिया होय. तीत राशीचे रूप ओळखावे लागते आणि ते अनोळखी असल्यास ओळखीच्या रूपात आणावे लागते. या रूपांतराचे काम मुख्यतः बीजगणिताचे आहे.

पुढील तीन अपूर्णांक पाहा:

१/(क्ष² + १), क्ष/(क्ष² + १), १/(क्ष² − १)

दिसण्यात ते सारखे. परंतु रीती तीन. पहिल्याचे समाकलन म्हणजे ज्याचा टॅन क्ष आहे तो कोन. दुसऱ्यात अंश हा छेदाच्या अवकलजाच्या निम्मा आहे. हे दिसले की उत्तर (क्ष² + १) च्या नैसर्गिक लॉगरिथमच्या निम्मे येते. तिसऱ्यात छेदाचे अवयव पाडून अपूर्णांक फोडावा लागतो:

१/(क्ष² − १) = (१/२) [१/(क्ष − १) − १/(क्ष + १)]

आता प्रत्येक भागाचे समाकलन लॉगरिथमने होते. तसेच १/(क्ष² + ४क्ष + ५) यात छेदाचा वर्ग पूर्ण केल्यास (क्ष + २)² + १ मिळते, आणि उदाहरण पहिल्याच प्रकारात येऊन बसते. तेव्हा अवयव पाडणे, वर्ग पूर्ण करणे व अपूर्णांक फोडणे ही तीन कामे हातची असली पाहिजेत.

त्रिकोणमितीचेही तसेच आहे. साइनच्या वर्गाचे समाकलन करताना (१ − कॉस २क्ष)/२ हे त्याचे रूप आठवले पाहिजे. कोन रेडियनमध्ये मोजण्याची सवयही हवी. साइनचा अवकलज कॉस असतो, तो रेडियनमध्येच.

अनंत श्रेढींसाठी गुणोत्तर श्रेढीचे ज्ञान आवश्यक आहे. क्षचे निरपेक्ष मूल्य १ पेक्षा कमी असता

१/(१ + क्ष²) = १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + …

यातील प्रत्येक पदाचे समाकलन केल्यास क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − … ही श्रेढी मिळते. तीत क्ष = १ घातल्यास बेरीज π/४ येते. केरळातील संगमग्रामचा माधव (सुमारे १३४०–१४२५) याच्याकडे या श्रेढीचे श्रेय जाते. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्ती दिली आहे. क्ष = १ असता मूळ गुणोत्तर श्रेढीला बेरीज नसते, परंतु समाकलनाने मिळालेल्या श्रेढीला असते. असे बारकावे पारखण्यासाठी असमानता आणि सीमा यांची समज पक्की हवी.

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने वरील प्रत्येक रूपांतर पुस्तक मिटून कागदावर करून पाहावे. जेथे हात थांबेल तेवढाच भाग शालेय पुस्तकातून पुन्हा अभ्यासावा. सर्व बीजगणित नव्याने शिकण्याचे कारण नाही. पुढे समाकलनाचे प्रत्येक उत्तर अवकलन करून पडताळावे. मूळ राशी परत मिळाली, तर उत्तर बरोबर आहे. न मिळाल्यास चूक कोणत्या पायरीवर झाली, हे शोधण्यास तीच पडताळणी उपयोगी पडते.