बादलीतल्या भट्टीतून निघालेलं मिलिंग मशीन

घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन स्वतः बनवायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी एक गोम लक्षात येते. त्याचे भाग सपाट, समांतर आणि काटकोनात कापायचे तर मिलिंग मशीनच लागतं. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं झालं हे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये राहणाऱ्या डेव्हिड जिंजरी यांनी यावर जो तोडगा काढला, त्याची सुरुवात कोळशाच्या भट्टीपासून होते.

मिलिंग मशीनचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. १८१८च्या सुमाराचं एक मशीन बरीच वर्षं अमेरिकन संशोधक एलाय व्हिटनीच्या नावावर सांगितलं जाई; पुढे त्या श्रेयाबद्दल अभ्यासकांचे वाद झाले. १८६२ मध्ये ब्राउन अँड शार्पचं युनिव्हर्सल मिलिंग मशीन आलं, तेही ट्विस्ट ड्रिलच्या पिळाच्या खाचा कापता याव्यात म्हणून. १९३८ मध्ये ब्रिजपोर्ट कंपनीचं मशीन आलं. आज टूलरूममध्ये उभं असलेलं व्हर्टिकल मिलिंग मशीन बहुधा त्याच घडणीचं असतं. पण ही यंत्रं कारखान्यांची. घराच्या मागच्या खोलीत बसणारी नव्हेत.

जिंजरी (१९३२–२००४) यांनी १९८०च्या दशकात भंगारातून धातुकामाचं वर्कशॉप उभारण्यावर सात छोटी पुस्तकं लिहिली. खरी गंमत त्यांच्या क्रमात आहे. आधी कोळशाची भट्टी, मग लेथ, मग शेपर, आणि चौथ्या पुस्तकात मिलिंग मशीन. त्यानंतर ड्रिल प्रेस, डिव्हायडिंग हेड आणि पत्रा वाकवायचं ब्रेक. भट्टी लेथचे भाग ओतते, लेथ शेपरचे भाग कातून देतो, आणि या तिघांच्या जिवावर मिलिंग मशीन उभं राहतं. लेथ पुरता तयार होण्याआधीच कामाला जुंपला जातो, कारण त्याच्या हेडस्टॉकचं भोक त्याच्याच बेडवर बोअर करायचं असतं. अर्धवट यंत्राने स्वतःलाच पुरं करायचं, असा हा खाक्या.

भट्टी म्हणजे एक लोखंडी बादली. आतून फायरक्ले आणि वाळूचं अस्तर, खालून ब्लोअरची हवा, मध्ये मूस. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तेवढी धग लाकडी कोळसा सहज देतो. भंगारातले जुने पिस्टन आणि इंजिनांची आवरणं मुशीत जातात. पॅटर्न लाकडाचा, साचा ओलसर वाळूचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की तिथे ओतकाम एकाचं, पॅटर्न दुसऱ्याचा आणि मशिनिंग तिसऱ्याचं असतं. इथे तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर.

ओतकाम दिसायला थरारक असतं, पण मशीनचं खरं भवितव्य ठरतं ते स्क्रेपिंगच्या टेबलावर. सरकणाऱ्या भागांसाठी स्लाइड हवी, आणि स्लाइड सपाट हवी. सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर पसरायचा. त्यावर जॉब पालथा ठेवून हलकेच फिरवायचा आणि उचलून बघायचा. जिथे निळं लागलं तो उंचवटा. धारदार स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळं लावायचं. सुरुवातीला दोन कोपऱ्यांवरच डाग उठतात. तासाभराने मधे एखादा ठिपका दिसतो आणि माणूस खूश होतो. पुढच्या फेरीत तो ठिपका गायब! ठिपके सगळ्या पृष्ठभागावर सारखे विखुरले की काम झालं. त्यात किती संध्याकाळी जातील, हे खरवडणाऱ्याचा हात ठरवतो.

मग ती पहिली सपाट प्लेट आली कुठून? एकमेकींवर घासलेल्या दोन प्लेट सपाट न होताच जुळू शकतात, एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट. तीन प्लेट आळीपाळीने जोड्या लावून, वळवून घासल्या तर मात्र ही लबाडी चालत नाही. तिन्ही एकमेकींशी जुळायच्या तर तिन्ही सपाटच लागतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने हीच रीत स्क्रेपिंगने रूढ केली. एकही अचूक वस्तू हाताशी नसताना अचूकपणा मिळवून देणारी ही युक्ती प्रस्तुत लेखकाला सगळ्या मिलिंग मशीनपेक्षा जास्त भावते.

आता अडचणी. लेथवर टूल जॉबला सलग चिकटून कापतं. मिलिंग कटरचा प्रत्येक दात मात्र ठोसा मारतो. चार दातांचा कटर मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरला तर मिनिटाला २,००० ठोसे बसतात. बीडाची बॉडी वजनदार असते आणि थरथर गिळून टाकते. अॅल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच जाडीचा भाग तिप्पट लवतो. कटर किंचाळतो आणि जॉबवर लाटा उठतात. मग भिंती जाड करा, कट हलके घ्या, घाई विसरा. पोलादी चॅनेल वेल्ड करून बॉडी केली तर ताठरता मिळते, पण ती घंटेसारखी वाजते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडीही होते. हल्ली काही हौशी लोक ग्रॅनाइटची खडी इपॉक्सीत कालवून बेस ओततात. थरथर त्यात छान मुरते. मात्र त्यात रोवलेले धातूचे इन्सर्ट वाकडे बसले की सगळं मुसळ केरात.

ड्रिल मशीनलाच मिलिंग मशीन करू, ही पळवाट सगळ्यांना सुचते. ड्रिलचा जोर खाली असतो, कटरचा आडवा. आडव्या थरथरीने टेपरमधला चक सैल होतो आणि फिरताफिरताच खाली येऊ शकतो. तशा चकात एंड मिल धरण्याच्या फंदात कुणी पडू नये.

टेबल सरकवणाऱ्या स्क्रू आणि नटमधला प्ले, म्हणजे ढिलाई, हे आणखी एक दुखणं. कटरचे दात जॉबला फीडच्याच दिशेने ओढू लागले की टेबल त्या प्लेइतकं पुढे झेपावतं, आणि मग कटर तुटतो किंवा जॉब उडतो. म्हणून घरगुती मशीनवर फीड कटरच्या उलट दिशेनेच द्यायची. स्लाइडमधली ढिलाई काढणारी गिब पट्टी कसून सगळं सुधारेल असं वाटतं, पण स्लाइडच्या कडा समांतर नसतील तर टेबल एका टोकाला अडकतं आणि दुसऱ्या टोकाला डुगडुगतं. मग स्क्रूशी कितीही झटा, पुन्हा निळा रंग आणि स्क्रेपर काढावाच लागतो.

पैशाचा हिशेबही फारसा जमत नाही. भंगार स्वस्त मिळतं. बेअरिंग, मोटर आणि कटर मात्र विकतच आणावे लागतात, आणि त्यांचा आकडा बेरजेत शेवटी दिसतो. ज्याला जॉब काढायची घाई आहे त्याने जुन्या बाजारात एखादं मशीन बघावं, स्लाइड हाताने हलवून पाहावी आणि सौदा करावा. जिंजरींची वाट धरायचीच असेल तर चौथं पुस्तक आधी उघडू नये. पहिल्या पुस्तकातली बादली घ्यावी आणि तिचं अस्तर सावकाश वाळू द्यावं. ओलं असताना जाळ लावला तर ते तडकतं.