तीव्र स्वमग्न मुलाची निवासी व्यवस्था : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था असून तीत संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि संवेदनांचा अनुभव यांची घडण वेगळ्या वळणाने होत जाते. भारतात तिच्या मूल्यमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयसा’ या श्रेणीत 40 बाबींना प्रत्येकी 1 ते 5 गुण दिले जातात आणि बेरीज 153 च्या पुढे गेली, की स्वमग्नता तीव्र मानली जाते. हा आकडा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी उपयोगी असला, तरी मूल रात्री झोपते का, शौचाची सूचना देते का, चिडल्यावर स्वतःचा हात चावते का, हे तो सांगत नाही. आणि निवासी संस्थेचा विचार सुरू होतो तो नेमका याच प्रश्नांपाशी. या शोधात पालकांची दमछाक होते ती संस्था अपुऱ्या आहेत म्हणून, तशीच संस्थेची ओळख तिच्या पाटीवरून पटते असे गृहीत धरल्यामुळेही. वास्तविक संस्था कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वयासाठी आणि किती मुदतीसाठी चालते, हे आधी पाहावे लागते.

गैरसमज : मूल आवरेनासे झाले, की मनोरुग्णालय हाच मार्ग उरतो.
वस्तुस्थिती : स्वमग्नता हा मनोविकार नव्हे, तर विकासात्मक दिव्यांगत्व आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये मनोविकारांवरील उपचारांसाठी आहेत. स्वमग्न मुलाचा आयुष्यभराचा सांभाळ हे त्यांचे काम नाही. शिवाय, न बोलणाऱ्या मुलाचे वर्तन अचानक बिघडते तेव्हा त्यामागे दाढदुखी, बद्धकोष्ठता, कानाचा संसर्ग किंवा अपस्मार, म्हणजे फिट्स, असू शकतात. जे मूल ‘दुखतंय’ असे सांगू शकत नाही, ते गाल भिंतीवर आपटते. म्हणून संस्थेची चौकशी करण्याआधी शारीरिक तपासणी आवश्यक ठरते.

गैरसमज : निवासी विशेष शाळेत प्रवेश मिळाला, म्हणजे कायमची सोय झाली.
वस्तुस्थिती : निवासी शाळा ही शेवटी शाळाच असते. तिला दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी असते, त्या काळात मूल घरी न्यावे लागते आणि साधारणपणे 18 व्या वर्षी तिची जबाबदारी संपते. त्यानंतरच्या कर्मशाळा, म्हणजे प्रौढ दिव्यांगांना काम शिकवणारी केंद्रे, सौम्य किंवा मध्यम दिव्यांगत्व असलेल्यांना अधिक मानवतात. राष्ट्रीय न्यास या केंद्रीय संस्थेने थोड्या काळाच्या निवासी देखभालीसाठी ‘समर्थ’ आणि प्रौढांच्या सामूहिक निवासासाठी ‘घरौंदा’ अशा वेगळ्या योजना आखल्या, त्या शाळेच्या पलीकडची ही गरज ओळखूनच.

गैरसमज : सेवाभावी माणसे संस्था चालवत असतील, तर कागदपत्रे विचारणे अशोभनीय आहे.
वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे ते पाहण्याची मागणी करणे हा अविश्वास नसून पालकांचे कर्तव्य आहे. न्यास म्हणून झालेली नोंदणी आणि या अधिनियमाखालची नोंदणी या दोन भिन्न गोष्टी होत. कागदांइतकेच महत्त्व प्रत्यक्ष पाहणीला आहे : रात्री किती काळजीवाहक जागे असतात, फिट्सच्या गोळ्यांची नोंद कोण ठेवते, खोलीला कडी बाहेरून आहे का आणि पालकांना संस्थेला आधी न कळवता भेटीला येता येते का, यांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत.

गैरसमज : आई-वडील हेच आपल्या दिव्यांग अपत्याचे आयुष्यभर कायदेशीर पालक असतात.
वस्तुस्थिती : 18 वर्षे पूर्ण होताच व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मग तिची बौद्धिक क्षमता कितीही असो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकाची रीतसर नेमणूक करून घेता येते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. पालकत्वाचा प्रश्न आई-वडिलांच्या हयातीतच मार्गी लागला, तर त्यांच्या पश्चात निवास, उपचार आणि पैसा यांबाबतचे निर्णय अधांतरी राहत नाहीत.

गैरसमज : संस्थेत ठेवणे म्हणजे मुलाला टाकून देणे.
वस्तुस्थिती : मुलाचा कायमचा त्याग ही बाल न्याय अधिनियम, 2015 खालची स्वतंत्र प्रक्रिया असून ती बालकल्याण समितीपुढे होते आणि तीत पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात; निवासी संस्थेतील प्रवेशाने मात्र आई-वडिलांचे हक्क किंवा कर्तव्ये संपत नाहीत. उलट 2016 च्या अधिनियमाचा कल मूल कुटुंबात राहावे याकडेच आहे : केवळ दिव्यांगत्वामुळे मुलाची आई-वडिलांपासून ताटातूट होऊ नये, ती करावी लागलीच तर मुलाच्या हितासाठी आणि सक्षम न्यायालयाच्या आदेशानेच व्हावी, अशी जबाबदारी तो शासनावर टाकतो. म्हणूनच निवासी व्यवस्था एका दिवसात होणारी पाठवणी न ठरता आधी काही तास, मग एक रात्र, मग आठवडा अशी टप्प्याटप्प्याने व्हावी, आणि मुलासोबत त्याच्या सवयींचा एक कागदही जावा. कुकरची शिट्टी होण्याआधी त्याला स्वयंपाकघरापासून दूर न्यावे, वरण आणि भात कालवून नव्हे तर वेगवेगळे वाढावे, टाळी वाजवून तो पाणी मागतो, अशा बारीकसारीक नोंदी कोणत्याही वैद्यकीय अहवालात नसतात. त्या फक्त घराला ठाऊक असतात, आणि घर थकून जाण्याआधीच त्या लिहिल्या गेल्या पाहिजेत.