क्षार-लवणांतील धन आयन व ऋण आयन

‘मीठ बंद केले, आता फक्त सैंधवच घेतो,’ असे उच्च रक्तदाबाचा रुग्ण मोठ्या समाधानाने सांगतो. बिबवेवाडीत काय आणि अन्यत्र काय, हे वाक्य प्रत्येक व्यवसायबंधूच्या परिचयाचे असेल. लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ, याविषयी वाद नाही. परंतु सैंधव काय वा सामुद्र काय, दोन्ही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच होत. त्याच्या १ ग्रॅममधून सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम शरीरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली दैनिक मर्यादा २ ग्रॅम सोडियमपेक्षा कमी, म्हणजे ५ ग्रॅम मिठापेक्षा कमी अशी आहे.

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन व ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यातील सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो व एक धन प्रभार असलेला आयन बनतो. क्लोरिनचा अणू तो इलेक्ट्रॉन घेऊन एक ऋण प्रभाराचा क्लोराइड आयन होतो. या विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने स्फटिक बांधला जातो. संयुग एकंदरीत प्रभारहीन असले पाहिजे, एवढा एकच नियम ध्यानात ठेवला की बहुतेक सूत्रे आपोआप सुटतात. कॅल्शिअमचे दोन धन प्रभार, म्हणून त्याला क्लोराइड दोन लागतात. तुरटीत पोटॅशिअमचा एक व अॅल्युमिनिअमचे तीन मिळून चार धन प्रभार, तर दोन सल्फेट आयनांचे मिळून चार ऋण प्रभार होतात. कज्जली, रससिंदूर यांना मात्र हा साधा हिशेब लावू नये; त्यांतील बंध निराळ्या प्रकारचा आहे.

तुरटीत पाण्याचे १२ रेणूही असतात व त्यांना प्रभार नसतो. लाही करताना जाते ते हे पाणी; ते वजनाच्या सुमारे ४५ टक्के असते. सबब पूर्ण फुललेल्या लाहीचा १ ग्रॅम म्हणजे कच्च्या तुरटीचे सुमारे १.८ ग्रॅम. औषधनिर्मात्यांनी मात्रा ठरविताना हे विसरू नये. कासीसाची गोष्ट वेगळी. त्यातील लोहाचे दोन धन प्रभार असतात. बरणी उघडी राहिली की हवेतील प्राणवायूमुळे आणखी एक इलेक्ट्रॉन जातो, प्रभार तीन होतात आणि हिरवट स्फटिकांवर पिवळट-तपकिरी थर चढतो. धातू तोच, आयन मात्र बदललेला.

पाण्यात विरघळताच आयनांची जोडी फुटते आणि शरीर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवते. सर्जिक्षारातील कार्बोनेट जठरातील आम्ल शमविते, सैंधवातील क्लोराइड ते करीत नाही. हा ऋण आयनांचा भेद झाला. पण दोन्हींबरोबर येणारे सोडियम तेच.

यवक्षाराबाबत तर अधिकच सावध राहावे. यवाची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेल्या खऱ्या यवक्षारात पोटॅशिअमची लवणे प्रमुख असतात. शुद्ध पोटॅशिअम कार्बोनेटच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ५६५ मिलिग्रॅम पोटॅशिअम असते. निरोगी वृक्क ते सहज बाहेर टाकतात. परंतु वृक्क दुर्बल असलेल्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णात पोटॅशिअम रक्तात साठून हृदयाची गती बिघडू शकते. प्रसंगी ते प्राणावर बेतते. रुग्ण मूत्रल म्हणून यवक्षार घेत असेल आणि घरी ‘कमी सोडियमचे मीठ’ही वापरत असेल, तर धोका दुणावतो, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशिअम क्लोराइड घातलेले असते. अशा रुग्णाला क्षारकल्प देण्यापूर्वी सीरम क्रिएटिनिन व पोटॅशिअम तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यवक्षार म्हणून विकत घेतलेल्या द्रव्यात पोटॅशिअम आहे की नाही, याची प्राथमिक परीक्षा दुकानातही करता येते. निक्रोमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून स्वच्छ तापवावी, तिच्या टोकावर किंचित चूर्ण घेऊन बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरावे. सोडियमने ज्योत गडद पिवळी होते, पोटॅशिअमने फिकट जांभळी. थोडेसे सोडियमही जांभळा रंग झाकून टाकते, म्हणून ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावी. प्रमाण मात्र या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेकडून प्रत्येक घाण्याच्या अहवालात सोडियम व पोटॅशिअमचे आकडे स्वतंत्रपणे मागून घ्यावेत.